तीनदा उकडलेली भाजी

सख्यांनो, साखर निघाली की आमच्या गटात काहीजणी जेवणच सोडतात. एके काळी डॉक्टरच तसं करायला लावत. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. ॲलन रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवत. पिठूळ अंश जावा म्हणून भाजी तीनदा उकडायची, दर वेळी पाणी ओतून द्यायचं. मुलांचा नुसता सापळा उरायचा. पण दुसरा इलाज नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडात टोरांटोला १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं. तो आणखी १३ वर्षं जगला.

आज औषध आहे, मग उपास कशाला? गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरून घेरी येऊ शकते. आपण भाकरी मोजून घेऊ, पालेभाजी, उसळ जास्त वाढून घेऊ, वेळेवर जेवू. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडायचं नाही.