संकरण (कार्बनी रसायनशास्त्र)

संकरण : अणूच्या एकाच कवचातली निरनिराळ्या प्रकारची कक्षके गणिताने मिसळून तितकीच नवी, ठरावीक दिशांना रोखलेली कक्षके मिळविण्याची रीत. कार्बनच्या बाबतीत ही मूळ कक्षके म्हणजे एक २एस आणि तीन २पी. चारही मिसळली तर चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जाणारी चार एसपी-३ कक्षके मिळतात. एक एस आणि दोनच पी मिसळली तर एका प्रतलात १२० अंशांवर पसरलेली तीन एसपी-२ मिळतात, आणि एक एस व एक पी मिसळले तर नेमक्या विरुद्ध दिशांना जाणारी दोन एसपी. कार्बनी रसायनशास्त्राशी बहुतेकांची ओळख इथूनच होते आणि ती बहुधा गोष्टीच्या रूपात होते : आधी कार्बनचा एक इलेक्ट्रॉन २एसमधून उडी मारून २पीमध्ये जातो, मग कक्षके मिसळतात, मग हायड्रोजन येऊन बंध जुळतात. पाठ करायला ही गोष्ट सोपी आहे, पण अशा तीन पायऱ्या निसर्गात घडत नाहीत. संकरण ही अणूत घडणारी घटना नव्हे. तयार रेणूतील इलेक्ट्रॉनांचे वितरण बंधांच्या भाषेत सांगण्याची ती रीत आहे. म्हणून ती मनाला येईल तशी वापरावी, असे मात्र नाही. कोणत्या बंधात एस-कक्षकाचा वाटा किती, हा आकडा संकरणातून निघतो आणि तो प्रयोगाच्या कसाला लावता येतो. या संकल्पनेचे खरेखोटेपण त्या आकड्यावरच ठरवायला हवे.

ज्या प्रश्नासाठी ही कल्पना निघाली तो प्रश्न तिच्याहून बराच जुना आहे. कार्बन चतुःसंयुजी आहे हे आउगुस्ट केकुले आणि आर्चिबाल्ड कूपर यांनी १८५८ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. १८७४ मध्ये याकोबस व्हान्ट हॉफ आणि जोसेफ ल बेल यांनी, तेही एकमेकांशी विचारविनिमय न करता, या चार संयुजांना अवकाशात दिशा दिल्या. पुरावा साधा होता. मीथेनच्या चारपैकी दोन हायड्रोजनांच्या जागी क्लोरीन आले की डायक्लोरोमीथेन बनते आणि ते एकाच प्रकारचे असते. कार्बन चौकोनाच्या मध्यभागी आणि इतर चार अणू त्याच्या कोपऱ्यांवर असते, तर शेजारी-शेजारी क्लोरीन असलेला एक आणि समोरासमोर क्लोरीन असलेला दुसरा, असे दोन समघटक मिळायला हवे होते. ते कोणालाच मिळाले नाहीत. चतुष्फलकाचे कोणतेही दोन कोपरे एकमेकांचे शेजारीच असतात, म्हणून तिथे एकच संयुग संभवते. उलट चारही गट निरनिराळे असले, तर एकमेकांवर न बसणारी दोन प्रतिबिंबरूपे संभवतात, आणि लॅक्टिक आम्लाची तशी दोन रूपे माहीत होती. लाइपझिगच्या हेरमान कोल्बे यांनी १८७७ मध्ये या विचारावर कठोर टीका केली. न दिसणाऱ्या अणूंच्या जागा कागदावर ठरवणे हे कल्पनेचे खेळ आहेत, असा त्यांचा रोख होता. शब्द जहरी असले तरी आक्षेप पोकळ नव्हता. त्याला उत्तर मिळाले ते अणू दिसू लागले म्हणून नव्हे. संयुगामागून संयुगात समघटकांची संख्या बरोबर येत गेली म्हणून. पुढे संकरणावरही याच जातीचा आक्षेप आला, आणि त्याचे उत्तरही असेच द्यावे लागते.

गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, असे सांगितले. १९२७ मध्ये हाइट्लर आणि लंडन यांनी हायड्रोजनच्या रेणूपुरता या जोडीचा पुंजयामिकीनुसार हिशेब केला. कार्बनपाशी हिशेब अडला. एकट्या कार्बन अणूच्या बाहेरच्या कवचात २एसमध्ये एक पूर्ण जोडी आणि २पीमध्ये दोन सुटे इलेक्ट्रॉन असतात. सुट्या इलेक्ट्रॉनांनीच बंध जुळायचे, तर कार्बनने दोनच हायड्रोजन धरावेत आणि त्यांच्यातला कोन ९० अंश असावा. दोन हायड्रोजनांचा मीथिलीन हा घटक खरोखर अस्तित्वात आहे, पण तो अत्यंत क्रियाशील असतो. बाटलीत भरून ठेवता येणारा पदार्थ म्हणजे मीथेन. त्यात चार समान बंध असतात, प्रत्येकाची लांबी सुमारे १०९ पिकोमीटर आणि कोणत्याही दोहोंतला कोन १०९.५ अंश. १९३१ मध्ये लायनस पाउलिंग आणि जॉन स्लेटर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की एस आणि पी कक्षके योग्य प्रमाणात मिसळली की नेमक्या याच दिशांना रोखलेली चार कक्षके मिळतात, आणि ती एका बाजूला जास्त फुगलेली असल्याने हायड्रोजनच्या कक्षकाशी अधिक चांगली मिसळतात. इलेक्ट्रॉन वर चढवायला लागणारी ऊर्जा प्रति मोल सुमारे ४०० किलोज्यूल. मीथेनमधील एकेक बंध सरासरी ४१६ किलोज्यूलांचा, आणि दोनाऐवजी चार बंध जुळल्याने खर्च भरून वर शिल्लक उरते. हिशेब बरोबर आहे, पण हिशेबातल्या ओळींचा क्रम हा घटनांचा क्रम नव्हे. दलदलीच्या चिखलात सूक्ष्मजीव मीथेन तयार करतात, तेव्हा कुठलाही एकटा कार्बन अणू इलेक्ट्रॉन वर चढवून चार हायड्रोजनांची वाट पाहत बसलेला नसतो.

संकरणावरचा सर्वांत टोकदार आक्षेप प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटातून येतो. या प्रयोगात वायूवर ठरावीक ऊर्जेचा प्रकाश टाकतात, रेणूतून उडालेल्या इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा मोजतात, आणि वजाबाकी करून इलेक्ट्रॉन किती ऊर्जेने बांधलेला होता ते काढतात. नेहमीचा हीलियमचा दिवा २१.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाश देतो. त्याने मीथेनच्या वर्णपटात १४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एक रुंद पट्टा दिसतो, आणि एवढेच पाहून थांबले तर चार समान बंधांचा एकच पट्टा आहे असा समज होऊ शकतो. पण हीलियम आयनाचा ४०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाश किंवा क्ष-किरण वापरले की २३ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ दुसरा पट्टा उमटतो; पहिल्या दिव्याच्या आवाक्यात तो नव्हताच. अर्थात मीथेनच्या आठ संयुजा-इलेक्ट्रॉनांपैकी सहा एका ऊर्जेला आणि दोन वेगळ्या, खोल ऊर्जेला असतात. चार कक्षके सारखी असती तर पट्टा एकच हवा होता, तेव्हा एसपी-३ कक्षके हा भ्रम आहे आणि ती शिकवणे थांबवावे, असे काही रसायनशिक्षकांनी गंभीरपणे सुचवले आहे.

प्रयोग निर्विवाद आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. इलेक्ट्रॉन काढून घेतला की मागे मीथेन उरत नाही, मीथेनचा आयन उरतो, आणि वर्णपटातले पट्टे त्या आयनाच्या संभाव्य अवस्थांचे असतात. चारही बंध सारखे आहेत असे धरले, तरी रिकामी जागा कोणत्याही एका बंधात अडकून राहू शकत नाही, कारण चौघांपैकी एकाची निवड व्हायला काही कारणच नाही. ती चारही बंधांत विभागली जाते. चार सारख्या शक्यता अशा मिसळल्या की चतुष्फलकाच्या सममितीमुळे त्यांतून एक अवस्था वेगळी पडते आणि तीन सारख्या उरतात. म्हणजे दोन पट्टे हवेत, हे भाकीत संकरित कक्षकांतूनही निघते. याच्या मुळाशी असलेली गोष्ट जॉन लेनार्ड-जोन्स यांनी १९४९ मध्ये स्पष्ट केली. रेणूभर पसरलेल्या चार कक्षकांवरून चार स्थानबद्ध बंध-कक्षके विशिष्ट गणिती रूपांतराने मिळवता येतात, आणि तसे करताना रेणूचे एकूण तरंगफलन बदलत नाही; ऊर्जाही तीच, प्रत्येक बिंदूपाशी इलेक्ट्रॉनांची घनताही तीच. चार भावांनी वडिलार्जित शेताची सारखी वाटणी केली काय किंवा एक मोठा आणि तीन लहान तुकडे पाडले काय, शेताची बाहेरची हद्द आणि एकूण क्षेत्र बदलत नाही. आतले बांध कुठे घालायचे हा सोयीचा प्रश्न असतो. आयनीकरणाचा प्रश्न असेल तेव्हा पसरलेली कक्षके सोयीची, रेणूचा आकार आणि एकेका बंधाचे गुणधर्म विचारायचे असतील तेव्हा स्थानबद्ध कक्षके सोयीची.

मग संकरण ही केवळ आवडीनिवडीची बाब ठरते का? तसे म्हणता येत नाही. कार्बनी रसायनशास्त्र उभे आहे ते बंधांच्या सारखेपणावर. मीथेन, हेक्झेन आणि मेणातल्या लांब साखळ्या यांतले कार्बन-हायड्रोजन बंध जवळपास एकसारखे वागतात. सरळ साखळीत एक कार्बन आणि त्याचे दोन हायड्रोजन वाढवले की ज्वलनाची उष्णता दर वेळी प्रति मोल सुमारे ६५८ किलोज्यूलांनी वाढते. रेणूगणिक पसरलेली कक्षके नव्याने मांडावी लागतात, बंध मात्र एका रेणूतून दुसऱ्यात जसेच्या तसे नेता येतात, आणि हा अनुभवाचा भाग आहे. शिवाय संकरण सांगते की एसपी-३ बंधात एस-कक्षकाचा वाटा २५ टक्के, एसपी-२मध्ये ३३.३ आणि एसपीमध्ये ५० टक्के असतो. एस-कक्षकातला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जास्त जवळ आणि जास्त घट्ट असतो, तेव्हा हा वाटा वाढेल तसा बंध आखूड आणि ताठ व्हायला हवा. ईथेन, ईथीन, ईथाइन या क्रमाने कार्बन-हायड्रोजन बंध आखूड होत ईथाइनमध्ये सुमारे १०६ पिकोमीटरवर येतो. अवरक्त वर्णपटात त्याचे ताणकंपन २,९०० च्या घरातून ३,३०० प्रति सेंटिमीटरच्या घरात जाते. हायड्रोजन सुटून गेल्यावर मागे उरणारी जोडी केंद्रकाने घट्ट धरली तर आम्लता वाढेल, आणि पीकेए मूल्ये (मूल्य जितके लहान तितकी आम्लता जास्त) अंदाजे ५०, ४४ आणि २५ अशी उतरतात. ईथाइन सोडियम अमाइडला हायड्रोजन देऊन टाकते, ईथेन तसूभरही देत नाही, ते यामुळेच.

सर्वांत थेट साक्ष एनएमआरची (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाची) आहे. कार्बन-१३ आणि त्याला जोडलेला हायड्रोजन यांची केंद्रके एकमेकांच्या संकेताचे विभाजन करतात. हा परिणाम मुख्यतः केंद्रकाच्या जागी असलेल्या इलेक्ट्रॉन-घनतेतून पोहोचतो, आणि पी-कक्षकाची घनता केंद्रकापाशी शून्य असते. तिथे असतो तो फक्त एस. म्हणून विभाजन एस-वाट्याच्या प्रमाणात असावे. मीथेनमध्ये ते १२५ हर्ट्झ, ईथीनमध्ये १५६, ईथाइनमध्ये २४९. टक्क्यांना पाचने गुणले तर १२५, १६७ आणि २५० येतात. दोन टोके नेमकी जुळतात, मधला आकडा थोडा कमी पडतो. यावरही आक्षेप आहे : क्लोरोफॉर्ममध्ये हे विभाजन २०९ हर्ट्झ भरते, म्हणजे एस-वाटा ४२ टक्के निघतो, आणि कार्बन तर साधा चार बंधांचाच आहे. काही अंशी याचे कारण खरोखर संकरणातच आहे. हेन्री बेंट यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार क्लोरीनसारखे इलेक्ट्रॉन ओढणारे अणू पी-प्रधान कक्षके घेतात आणि एस-वाटा हायड्रोजनकडे सरकतो. पण क्लोरीनमुळे कार्बनवरचा प्रभारही बदलतो आणि त्याने विभाजन वाढते, तेव्हा हा आकडा केवळ एस-वाट्याचे माप मानता येत नाही. पाचपटीचे हे सूत्र वापरायचे ते हायड्रोकार्बनांपुरते.

त्या मर्यादेत ते किती खोल जाते हे सायक्लोप्रोपेनमध्ये दिसते. तीन कार्बनांच्या या कड्यात केंद्रके जोडणाऱ्या रेषांतला कोन ६० अंशच असू शकतो, आणि एस व पी कक्षकांच्या कोणत्याही मिश्रणातून ९० अंशांहून लहान कोन निघत नाही. वरवर पाहता संकरणाची इथे हार व्हावी. आता मोजलेले विभाजन घ्या : १६१ हर्ट्झ, म्हणजे प्रत्येक कार्बन-हायड्रोजन बंधात एस-वाटा ३२ टक्के. एका कार्बनकडे एकूण वाटा १०० टक्केच. दोन हायड्रोजनांना ६४ गेल्यावर कड्याच्या दोन बंधांसाठी ३६ उरतात, प्रत्येकी १८. इतक्या वाट्याच्या दोन कक्षकांतला कोन गणिताने सुमारे १०३ अंश येतो. चार्ल्स कूल्सन आणि विल्यम मॉफिट यांनी १९४९ मध्ये ऊर्जेच्या हिशेबातून स्वतंत्रपणे काढलेला कोन १०४ अंशांच्या आसपास होता. याचा अर्थ कक्षके केंद्रकांना जोडणाऱ्या रेषेवर नाहीत, तिच्या बाहेरच्या बाजूला झुकलेली आहेत. बंध वाकलेला आहे. क्ष-किरण विवर्तनाने काढलेल्या घनतेच्या नकाशांत इलेक्ट्रॉनांची दाटी खरोखर त्रिकोणाच्या बाजूंबाहेर सापडते. वाकलेला बंध दुबळाही असतो : ज्वलनात प्रत्येक कार्बनमागे ६५८ ऐवजी ६९७ किलोज्यूल निघतात, म्हणजे तीन कार्बनांच्या कड्यात सुमारे ११५ किलोज्यूलांचा ताण साठलेला असतो. तो सुटावा म्हणून हे कडे ब्रोमीन किंवा हायड्रोजनशी क्रिया करताना उघडण्याकडे झुकते. विभाजनाच्या एका आकड्यातून कोन, बंधाचा बाक आणि क्रियाशीलता उलगडते.

कार्बनबाहेर गेल्यावर मात्र हात आखडता घ्यावा लागतो. पाण्यातला १०४.५ अंशांचा कोन मिश्रणाने समजतो, पण हायड्रोजन सल्फाइडमधला कोन ९२ अंशांचा आहे. कोनावरून हिशेब केला तर बंधातला एस-वाटा जेमतेम ३ टक्के निघतो. सल्फरची ३एस आणि ३पी कक्षके आकाराने एकमेकांपासून इतकी वेगळी असतात की त्यांच्या मिश्रणाचा लाभ फारसा होत नाही, आणि ऊर्जेचा खर्च तसाच राहतो. तिथे दोन बंध आणि दोन एकाकी जोड्या मोजून एसपी-३चा शिक्का मारणे चुकीचे आहे. त्याहून मोठी चूक सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या बाबतीत होते. सहा बंध आहेत म्हणून एक एस, तीन पी आणि दोन डी कक्षके मिसळली, असे अकरावीच्या पुस्तकांत अजूनही छापले जाते. तपशीलवार गणनांत ३डी कक्षकांचा सहभाग अगदी थोडा भरतो. तिथले बंध अतिशय ध्रुवीय आहेत, फ्लोरीनकडे इलेक्ट्रॉन ओढले गेलेले आहेत, आणि चार कक्षकांच्या जोरावर सहा फ्लोरीन धरले जातात ते सातही अणूंवर पसरलेल्या कक्षकांमुळे.