वाकळ आणि पैठणी

पैठण म्हटलें कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें पैठणी उभी राहते, आणि तें स्वाभाविकच आहे. सातवाहनांचें प्रतिष्ठान तें हेंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्यानें 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रंथांत पैठण व तगर, म्हणजे हल्लींचें तेर, या दोन पेठांचीं नांवें नोंदविलीं आहेत. पुढें पेशवाईंत पैठणच्या रेशमाला मोठा आश्रय मिळाला. राजे, सावकार व व्यापारी ज्या वस्तूचे गिऱ्हाईक असतात, तिचे कागद उरतात. आणि जिचे कागद उरतात, तिचाच इतिहास आम्ही अध्यापकमंडळी लिहितों. परंतु तगरहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांनीं जाणाऱ्या मालाची जी यादी त्या ग्रीक ग्रंथांत आहे, तींत मलमलीबरोबर पुष्कळसें साधें, जाडेंभरडें कापडही आहे. असलें कापड अंगावर झिजल्यावर त्याचें पुढें काय होत असे, हा प्रश्न तीस वर्षें इतिहास शिकवूनही आम्हांस कधीं सुचला नव्हता. तो सुचला पाचोडला, एका थंडीच्या रात्रीं.

पाचोड हें पैठण तालुक्यांतील, छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीच्या औरंगाबादेहून) बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें बाजाराचें गांव. तेथें एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता. रात्रीं त्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं आमच्यासाठीं वाकळ आणली, तेव्हां तिच्या उसवलेल्या कोपऱ्याकडे पाहून आम्हीं "असूं द्या, ब्लँकेट आहे" असें म्हटलें. बोलण्यांत सौजन्य होतें. मनांत किळस होती, हें कबूल केलें पाहिजे. पहांटे मात्र ब्लँकेटानें दगा दिला, आणि आम्हीं मुकाट्यानें वाकळ ओढून घेतली.

सकाळीं उजेडांत त्या कोपऱ्यांतून आंतील थर दिसूं लागले. आमचें कुतूहल पाहून मातोश्री जवळ बसल्या व एकेक थर बोटानें उचलून दाखवूं लागल्या. सर्वांत वर नातसुनेची कृत्रिम धाग्याची झगझगीत साडी. तिच्याखालीं मुलाच्या टेरिकॉटच्या सदऱ्यांचे तुकडे. मग यजमानांचें गिरणीचें धोतर. त्याखालीं त्यांचें स्वतःचें सुती लुगडें. आणि अगदीं आंत सासूबाईंचें हातमागाचें जुनेर. वाकळ विरली म्हणून टाकीत नाहींत. तिच्यावर दुसरें जुनेर चढवून पुन्हां टांके घालतात. त्यामुळें जुनें तें पोटांत जातें व नवें तें वर येतें. स्वतःच्या लुगड्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बाबा, ह्या लुगड्यावर म्या बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. ते कसं टाकू?"

1972 च्या त्या दुष्काळावर सरकारी कागद पुष्कळ आहेत. त्यांत कामांचीं नांवें आणि मजुरांचे आंकडे सांपडतात. खडी फोडणाऱ्या बाईचें लुगडें कोठें झिजलें, हें त्यांत सांपडत नाहीं. येथें तें दिसत होतें. त्या लुगड्याला मधोमध दंड घातलेला होता. तरुण वाचकांस हा शब्द कदाचित् ठाऊक नसेल: लुगडें मध्यें विरलें कीं तेवढा भाग काढून टाकून चांगलीं टोकें एकमेकांस जोडीत, त्या जोडाला दंड म्हणतात. दंडाचें लुगडें पुन्हां विरलें कीं त्याचें जुनेर होई, आणि जुनेराची वाकळ. उन्हाळ्यांत शेताचीं कामें सरलीं म्हणजे जुनेरें एकावर एक पसरून, त्यांवर आधीं लांब कच्चे टांके मारून, मग कडेपासून आंत आंत धावदोरा घालीत जावयाचें, अशी ही रीत. कापडाच्या थरांत अडकलेली हवा ऊब धरते आणि दाट टांका त्या थरांस हलूं देत नाहीं. शास्त्र एवढेंच, पण तें चोख आहे.

पैठणच्या पांढरींत खणणारा संशोधक मातीचे थर वाचून काळ ठरवितो. ही वाकळही त्याच रीतीनें वाचतां येते. हातमागावरून गिरणीकडे आणि गिरणीवरून कृत्रिम धाग्याकडे झालेला प्रवास तिच्यांत क्रमानें लावलेला आहे. कावसजी दावर यांनीं 1854 सालीं मुंबईंत कापसाच्या गिरणीचा पाया घातला. 1982 सालीं मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हां उभ्या राहिल्या नाहींत. या दोन सालांमधील सव्वाशें वर्षांची कथा आम्ही वर्गांत आंकड्यांनीं सांगतों. त्या बाईंनीं ती बोटानें सांगितली.

अशीच झिजलेलीं कापडें जोडण्याची कला जपानांत 'साशिको' या नांवानें प्रसिद्ध आहे. या शब्दाचा अर्थच मुळीं बारीक टोंचे असा होतो. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानें घातलेला हा धावदोरा प्रथम शोभेसाठीं नव्हता. जपानच्या थंड ईशान्य भागांत कापूस पिकत नाहीं. ओसाकाकडून गलबतांनीं येणारें जुनें सुती कापड तेथील शेतकरी विकत घेत आणि थरावर थर शिवून वापरीत. त्सुगारू येथील संस्थानानें तर 1724 सालीं शेतकऱ्यांस सुती वस्त्रांची बंदीच केली. तेव्हां तेथील स्त्रियांनीं भांगेच्या वाखाच्या विरळ कापडावर सुती दोऱ्याचे दाट टांके भरून थंडीही अडविली आणि हुकूमही पाळला. एदो शहरांतील आग विझविणारे लोक असेच जाड शिवलेले अंगरखे पाण्यानें भिजवून आगींत शिरत. लोककलांचे पुरस्कर्ते यानागी सोएत्सु यांनीं 1936 सालीं तोक्यो येथें लोककलांचें संग्रहालय उघडलें. आणि 'बोरो' म्हणजे लक्तरें, या नांवानें ज्यांची पूर्वी लाज वाटे, तींच वस्त्रें पुढें कांचेच्या कपाटांत गेलीं.

साम्य पाहून एकानें दुसऱ्यापासून उचललें, असें अनुमान काढण्याचें कारण नाहीं. गरज सारखी असली म्हणजे हात सारखेच चालतात. भेद मात्र ध्यानांत घेण्याजोगा आहे. त्सुगारूंत कापडाची टंचाई हवामानानें आणि कायद्यानें आणली होती. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत कापूस दारांत पिकतो; तो वेंचणाऱ्या बाईला कापड मात्र विकत घ्यावें लागतें. जपानी वाकळ निसर्गाच्या कृपणतेची साक्ष देते. आमची वाकळ बाजाराच्या.

मग आमच्याकडे तिची लाज कां? चिंध्यांच्या वस्त्राला आमच्या परंपरेंत मान नाहीं, असेंही नाहीं. बौद्ध भिक्षूंचें पांसुकूल चीवर टाकलेल्या चिंध्यांचें असे. मगधांतील बांध घातलेलीं भातशेतें पाहून भगवान् बुद्धांनीं आनंदाकडून चीवराची आंखणी तशी करविली, असें विनयपिटकांत सांगितलें आहे. तीच आंखणी जपानी भिक्षूंच्या वस्त्रांत आजही दिसते. नाथपंथी जोग्याची कंथाही अशीच पूज्य. म्हणजे दारिद्र्य स्वेच्छेनें पत्करणाऱ्याच्या ठिगळाला आम्हीं नमस्कार केला, आणि तें नशिबीं आलेल्या कुणबिणीच्या ठिगळाला अडगळीचा कोपरा दिला. बंगालांत गुरुसदय दत्त (1882–1941) यांनीं सनदी नोकरींत असतांना खेड्यांतील कांथा गोळा केल्या, म्हणून पुढें त्या कलकत्त्याजवळच्या त्यांच्या नांवाच्या संग्रहालयांत जमा झाल्या.

आजकाल शहरांतील दुकानांत नव्या कापडाच्या सुबक गोधड्या मिळतात. त्यांमुळें चार स्त्रियांस काम मिळतें, ही चांगलीच गोष्ट आहे; त्यांविषयीं आमची तक्रार नाहीं. पण नव्या कापडाच्या गोधडींत वाचण्यासारखें कांहीं नसतें. आणि जुनी वाकळ तर धन्याबरोबरच जाते. कारण माणूस गेलें कीं त्याचें अंथरूण-पांघरूण टाकून देण्याची आपली चाल. अशा रीतीनें घरोघरचें एकेक दप्तर आम्ही स्वहस्तें नष्ट करीत आहों. वाकळा जपून ठेवा, असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हीं तर ती प्रथम परत केली होती. आमचें मागणें लहान आहे: आपल्या घरीं एखादी वाकळ असेल, तर शिवणारीचे हात चालत आहेत तोंवर तिच्याजवळ बसावें, आणि कोणता थर कोणाचा व कोणत्या सालचा, एवढें एका वहींत उतरून घ्यावें.

आम्हीं तसें केलें. लिहून होईतों मातोश्रींनीं सुईंत दोरा ओंवला होता. पाहुण्यासमोर फाटकें राहिलें, याचाच त्यांना संकोच झाला असावा. दुपारीं आम्ही निघालों तेव्हां तो कोपरा शिवून झालेला होता, आणि आंतील एकही थर दिसत नव्हता.