लाकूड फोडणारे छोटे लोडर : उपयोग, मर्यादा आणि धोके

प्रतिनिधी

विश्रांतवाडी - वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की आळंदी रस्ता, धानोरी, कळस, टिंगरेनगर या परिसरात कुठे ना कुठे एखादे जुने झाड आडवे होते. अग्निशामक दल व महापालिकेचा उद्यान विभाग फांद्या कापून रस्ता मोकळा करतात. बारीक फांद्यांची व्यवस्था लवकर लागते. प्रश्न उरतो तो बुंध्याचा. गुलमोहर किंवा वर्षावृक्षाचे दोन-अडीच फूट व्यासाचे ओंडके फोडायला कुऱ्हाड, पाचर आणि घण घेऊन दिवसभर राबणारा मजूर आता सहज मिळत नाही. बांधकामांवर फिरणारे छोटे लोडर मात्र याच परिसरात सर्वत्र दिसतात. या लोडरला लाकूड फोडण्याचे जोडयंत्र, म्हणजे ऑपरेटरांच्या भाषेत 'अटॅचमेंट', लावता येते. परदेशातील शेतांवर व वखारींत ते रुळलेले आहे. ते कसे चालते, कुठे परवडते आणि त्यात जोखीम कोणती, याची ही माहिती.

यंत्राचा जन्म

आपल्याकडे माती उकरणारे प्रत्येक यंत्र जसे 'जेसीबी', तसा हा छोटा लोडर सरसकट 'बॉबकॅट' म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सिरिल व लुईस केलर या बंधूंनी १९५७ मध्ये एका टर्कीपालकासाठी त्याचा पहिला नमुना तयार केला. खुराड्यातील खांबांच्या मधून वळेल आणि वरच्या मजल्यावर नेता येईल, असे हलके यंत्र त्याला हवे होते. पुढे मेलरो कंपनीने १९६० मध्ये त्याला चार चाके दिली आणि १९६२ मध्ये 'बॉबकॅट' हे नाव आले. दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळ्या गतीने फिरवून हे यंत्र जागच्या जागी वळते. त्यामुळे सोसायटीच्या आवारात किंवा वखारीच्या बोळात ते शिरू शकते. मात्र वळताना चाके घासली जातात. पेव्हर ब्लॉक बसविलेल्या अंगणात काम करून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

फोडण्याची शक्ती येते कुठून?

लोडरच्या पुढील बाजूस तेलाच्या दोन नळ्या जोडण्याची सोय असते. या नळ्यांतून मिनिटाला साधारण ६० ते ७५ लिटर तेल सुमारे २०० बार दाबाने मिळते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये हे तेल सोडले, की दट्ट्यावर सुमारे सोळा टनांचा जोर येतो. व्यास साडेबारा सेंटिमीटर केला, तर हाच जोर पंचवीस टनांवर जातो. दट्ट्याच्या टोकाची पोलादी पाचर लाकडाच्या तंतूंच्या दिशेने शिरते आणि ओंडका उभा चिरतो. बाभळीची गाठ किंवा फांदीचा दुबेळका हाताला दाद देत नाही, तेथे हा जोर उपयोगी पडतो.

साठ लिटरच्या प्रवाहात दहा सेंटिमीटरचा दट्ट्या सेकंदाला सुमारे बारा-तेरा सेंटिमीटर सरकतो. म्हणजे दोन फुटांचा ओंडका फुटायला पाचच सेकंद लागतात. वेळ जातो तो ओंडका आणण्यात, तो बसविण्यात आणि फोडलेले तुकडे बाजूला करण्यात. त्यामुळे लोडरची खरी किंमत फोडण्यापेक्षा उचलण्यात आहे. दोन फूट व्यासाचा आणि एक मीटर लांबीचा ओला ओंडका अडीचशे किलोंच्या वर भरतो. मजुराचा कणा मोडतो तो इथे.

तीन प्रकार

पहिल्या प्रकारात आडव्या तुळईवर ओंडका ठेवून पाचरीने तो दाबला जातो. हा प्रकार सर्वांत सोपा. पण ओंडका ठेवण्यासाठी दुसरा माणूस लागतो.

दुसऱ्या प्रकारात हेच यंत्र उलटे असते. ऑपरेटर ते जमिनीवर पडलेल्या ओंडक्यावर उतरवतो, पकडतो आणि जागेवरच फोडतो. येथे लाकडाला माणसाचा हात लागत नाही. शहरातील पडलेल्या झाडांसाठी हाच प्रकार अधिक योग्य ठरतो.

तिसरा प्रकार म्हणजे आटे पाडलेला पोलादी शंकू. तेलावर चालणारी मोटर तो फिरवते; शंकू स्क्रूसारखा लाकडात शिरतो आणि जाड होत जाणाऱ्या अंगाने लाकूड फाकवतो. मोठ्या बुंध्यांवर तो प्रभावी आहे. पण फिरत्या शंकूत सैल सदरा, उपरणे किंवा ओढणी अडकली, तर माणूस सावरण्यास वेळच मिळत नाही. ऑपरेटर केबिनमध्ये आणि बाकी सर्व जण दूर, एवढीच त्याच्या वापराची रीत असू शकते.

परवडते केव्हा?

लोडरची उचलण्याची अधिकृत क्षमता ही तो पुढे कलंडेल त्या वजनाच्या निम्मी धरली जाते. आठशे किलो क्षमतेच्या लोडरला अडीचशे किलोंचे जोडयंत्र लावले, तर ओंडक्यासाठी साडेपाचशे किलोच उरतात. तीन फुटांहून जाड बुंध्याचा मीटरभर तुकडा सहज याच्या पुढे जातो. असा बुंधा आधी साखळी करवतीने आखूड कापावा लागतो. शहरातल्या झाडांत जाहिरातींचे खिळे खोल रुतलेले असतात. पुण्यात खिळेमुक्त झाडांची मोहीम निघाली, ती याच कारणाने. करवतीचे दात अशा खिळ्यावर तुटतात, म्हणून साल नीट तपासल्याशिवाय करवत लावू नये.

केवळ लाकूड फोडण्यासाठी लोडर घेणे शहाणपणाचे नाही. तेवढेच काम लहान इंजिनवर किंवा ट्रॅक्टरवर चालणारे स्वतंत्र यंत्र कमी इंधनात करते. एका दिवसात बरेच जाड ओंडके हाताळायचे असतील आणि लोडर आधीच कामावर असेल, तरच हे जोडयंत्र परवडते. बारीक, सरळ तंतूंच्या सुबाभळीला आजही कुऱ्हाडच पुरेशी आहे.

मागणीचाही विचार हवा. वाड्यांतले तांब्याचे बंब आणि त्यांना लागणाऱ्या ढलप्या आता आठवणीत राहिल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. तरीही पारंपरिक अंत्यसंस्काराला साधारण तीनशे किलो वा त्याहून अधिक लाकूड लागते. ओल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. ते पाणी उकळवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते व धूर वाढतो. फोडलेले लाकूड अखंड ओंडक्यापेक्षा पुष्कळ लवकर वाळते. म्हणून लाकूड पावसाळ्यानंतर लगेच फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून व बाजूंनी हवा खेळती ठेवून रचावे.

दुसरा माणूस

या कामातील मोठा धोका केबिनमधल्या ऑपरेटरला नसतो. तो बाहेर उभ्या असलेल्या मदतनिसाला असतो. ओंडका हाताने धरून दुसऱ्याने कळ दाबायची, या सवयीतच बोटे जातात. पाचर थांबविण्याचा निर्णय ज्याचा हात आत आहे, त्याच्या हाती नसतो. म्हणून लाकूड ठेवणारा आणि कळ चालविणारा माणूस एकच असावा, किंवा लाकडाला हात लावण्याची गरजच पडू नये.

तेलाच्या नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले, तरी २०० बारचे तेल कातडी भेदून आत जाते. जखम किरकोळ दिसते. प्रत्यक्षात तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज असते. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. उचललेल्या बाहूखाली कोणी जाऊ नये. डोळ्यांना चष्मा, पायात पोलादी टोकाचे बूट आणि अंगाला घट्ट कपडे असावेत.

परवानगी आधी

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात खासगी आवारातील झाडही वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीविना तोडता येत नाही. २०२१ मधील दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड आपोआप पडले असेल, तरी उद्यान विभागाला कळवूनच लाकडाला हात लावावा आणि लाकूड बाहेर न्यायचे असल्यास वाहतूक परवान्याची चौकशी करावी.

यंत्र ठरविताना भाडे किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. ओंडका बसविणार कोण आणि त्या वेळी कळ कोणाच्या हाती असेल, हेही त्याच वेळी विचारावे. या प्रश्नाचे नीट उत्तर मिळत नसेल, तर काम त्या दिवशी थांबविलेले बरे.