एका रोटरचं घराणं

स्वतःच्या गॅरेजात विमान बांधणारे हौशी लोक अमेरिकेत नि युरोपात पुष्कळ आहेत. त्यांतले काही माझदाचं १३बी हे मोटारीचं इंजिन आणतात, त्यातल्या दोनांपैकी एक रोटर, म्हणजे पिस्टनच्या जागी फिरणारा तिकोनी भाग, काढतात आणि उरलेल्या एकावर, ६५४ सीसीवर, हलकं विमान उडवायचं ठरवतात. पाहणाऱ्याला हे अर्धं इंजिन वाटतं. कूळ शोधत गेलं की मात्र एक रोटर हाच मूळपुरुष निघतो. दुसरा नंतर आला.

या इंजिनाचा जनक फेलिक्स वांकेल १९०२ साली जर्मनीतल्या लार गावी जन्मला. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. तरुणपणी तो नाझी पक्षात होता, हेही सांगायलाच हवं. पहिलं पेटंट १९२९चं. पण इंजिन प्रत्यक्ष धडधडलं ते १ फेब्रुवारी १९५७ला, नेकार्सउल्मच्या एनएसयू कारखान्यात. त्यात रोटरबरोबर बाहेरचं कवचही फिरायचं आणि प्लग बदलायला इंजिन खोलावं लागायचं. हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने कवच जागेवर बसवलं. वांकेलला ते रुचलं नाही, पण पुढचा सगळा वंश पाश्केच्या रचनेतूनच वाढला. माझ्या मते या इंजिनाला पाश्केचंही नाव लागायला हवं होतं. १९६४ची एनएसयू स्पायडर ही मोटार एकाच रोटरवर धावली: ४९८ सीसी, ५० अश्वशक्ती.

मग दुसरा रोटर का आला? १३बी उघडून पाहा. कवचाच्या बाजूला पक्कं बसवलेलं ३४ दात्यांचं गिअर, त्याभोवती रोटरच्या पोटातलं ५१ दात्यांचं. त्यामुळे शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटरची एक फेरी होते. रोटरला तीन बाजू; म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. त्या स्फोटाचा रेटा शाफ्टच्या २७० अंशांपर्यंत पुरतो. उरलेल्या ९० अंशांत शाफ्टला ढकलणारं कुणीच नसतं. दुसरा रोटर ही पोकळी भरून काढतो.

रोटरचं वजन शाफ्टच्या मध्यापासून १५ मिमी बाजूला फिरतं, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांना प्रतिवजनं लावली की तो तोल साधता येतो. पिळाचा झटका मात्र तसा जात नाही. इंजिनाला मिनिटाला सहा-सात हजार फेरे हवेत, प्रोपेलरला साधारण अडीच हजार. म्हणून मध्ये गिअरबॉक्स येतो. रेटा थांबला की जड प्रोपेलर उलट इंजिनालाच ओढू लागतो आणि गिअरचे दाते एकमेकांवर आपटतात. जड फ्लायव्हील आणि झटका शोषणारी रबरी कपलिंग हाच यावरचा उपाय, आणि हौशी बांधणाऱ्याची खरी मेहनत तिथेच जाते.

माझदा १९६७पासून दोन रोटरच्या वाटेने गेली. एका रोटरचं घराणं जगलं ते जर्मनीच्या फिख्टेल अँड झाक्स कंपनीत. तिच्या इंजिनात इंधनमिश्रित हवाच रोटरच्या पोटातून जाऊन त्याला थंड करायची. पण तिथे ती तापून विरळ व्हायची आणि ताकद घटायची. इंग्लंडात बीएसएमध्ये डेव्हिड गारसाइड यांनी हेच इंजिन हाती घेतलं आणि रोटरमधून आलेली हवा आधी मोठ्या पेटीत थंड करून मगच कार्ब्युरेटरला दिली. तिथून नॉर्टन, मिडवेस्ट, ऑस्ट्रो अशी वंशावळ लागते. या वंशातलं २९४ सीसीचं, ५० अश्वशक्तीचं इंजिन एएसएच २६ई या ग्लायडरच्या पोटात बसतं.

या घराण्याची एक शाखा आपल्याकडेही आहे. ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी बंगळुरूची नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि एडीई ही विमानविकास संस्था यांच्यासोबत अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेने ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन घडवलं. २००९च्या एप्रिलमध्ये कोलारला ते उडालं. नगरच्या ज्या अभियंत्यांनी त्यावर हात काळे केले, त्यांनी सांगता येईल तेवढं मराठीत लिहून ठेवावं. उद्या इथल्या एखाद्या पोराने गॅरेजात रोटर उघडला, तर त्याला विचारायला जवळची माणसं तीच आहेत.