नैसर्गिक वायू हायड्रेट

नैसर्गिक वायू हायड्रेट हा पाणी व नैसर्गिक वायू (मुख्यतः मिथेन) यांपासून बनलेला, बर्फासारखा दिसणारा स्फटिकी पदार्थ आहे. पाण्याच्या रेणूंनी बनलेल्या पिंजऱ्यांत वायूचे रेणू अडकलेले असतात. उच्च दाब व कमी तापमान असलेल्या खोल समुद्रतळाखाली, तसेच ध्रुवीय प्रदेशांतील गोठलेल्या जमिनीत तो आढळतो. एक घनमीटर हायड्रेटच्या विघटनातून सुमारे १६४ घनमीटर वायू मिळतो.

भारतातील साठे

राष्ट्रीय वायू हायड्रेट कार्यक्रमांतर्गत २००६ साली झालेल्या समुद्री वेधनात कृष्णा-गोदावरी, महानदी व अंदमान खोऱ्यांत हायड्रेट आढळले. २०१५ साली ‘चिक्यू’ या जपानी जहाजावरून झालेल्या वेधनात कृष्णा-गोदावरी खोऱ्यात वाळूच्या थरांतील साठे सापडले.

या खोऱ्याचा गाळ नद्यांनी आणलेला आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमांवरून वाहणाऱ्या वर्धा व पैनगंगा या नद्यांचे पाणी प्राणहितेमार्गे गोदावरीस मिळते. त्यामुळे दख्खनच्या काळ्या मातीचे सूक्ष्म कणही या गाळात असतात. अशा चिकणमातीतून वायू सहज वाहत नाही. म्हणून वाळूतील साठे उत्पादनास अधिक योग्य मानले जातात. ओएनजीसीचे वायू हायड्रेट संशोधन केंद्र पनवेल येथे आहे.

वायू काढण्याच्या पद्धती

* उष्णता देणे: विहिरीत गरम पाणी सोडून हायड्रेट वितळवले जाते. कॅनडातील मॅलिक क्षेत्रात २००२ साली या पद्धतीने जेमतेम ५०० घनमीटर वायू मिळाला. बरीचशी उष्णता आसपासच्या खडकांतच जिरते.
* दाब घटवणे: विहिरीतील पाणी उपसून थरावरील दाब कमी केला जातो. मॅलिक येथेच २००८ साली या पद्धतीने सहा दिवसांत सुमारे १३,००० घनमीटर वायू निघाला. सध्या हीच पद्धत सर्वांत व्यवहार्य समजली जाते.
* निरोधक रसायने: मिथेनॉलसारख्या द्रव्यांमुळे हायड्रेट अस्थिर होते, मात्र ही पद्धत खर्चिक आहे.
* वायूंची अदलाबदल: कार्बन डाय-ऑक्साइड आत सोडून मिथेन बाहेर काढला जातो. २०१२ साली अलास्कात तिची चाचणी झाली.

अडचणी व सुधारणा

हायड्रेटचे विघटन उष्णता शोषून घेते. त्यामुळे दाब घटवल्यावर थर थंड होतो व विघटन मंदावते. शिवाय हायड्रेट हेच वाळूचे कण बांधून ठेवत असल्याने ते विरघळताच वाळू विहिरीत शिरते. जपानमधील नानकाई द्रोणीतील २०१३ची चाचणी याच कारणाने सहा दिवसांत थांबवावी लागली. यावर उपाय म्हणून वाळू अडवणाऱ्या जाळ्या व आडव्या विहिरी वापरल्या जातात. चीनने २०२० साली दक्षिण चीन समुद्रात आडव्या विहिरीतून ३० दिवसांत सुमारे ८.६१ लाख घनमीटर वायू काढला.

समुद्रतळ खचणे आणि मिथेन या प्रभावी हरितगृह वायूची गळती होणे, हे धोकेही विचारात घ्यावे लागतात. खोल समुद्रातील साठ्यांतून व्यापारी उत्पादन अद्याप सुरू झालेले नाही.