पाडायला पैसे नव्हते म्हणून

आमच्या गावच्या जत्रेतला पाळणा ट्रकमधून सुटा सुटा यायचा. आदल्या दिवशी माणसं तो नटबोल्टनी जोडायची आणि जत्रा संपली की उलट्या क्रमाने सोडवायची. मग मैदानात उरायचे ते खड्डे आणि ऑइलचे डाग. त्यामुळे आकाशपाळणा ही जायचीच वस्तू, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी व्हिएन्नाला गेलो, तेव्हा पहिल्यांदा न गेलेला पाळणा पाहिला. लाल लाकडी डब्यांचा, १८९७ सालचा, अजून फिरणारा. तो का गेला नाही, हे शोधायला लागलो आणि गोष्ट वाढत गेली.

सुरुवात व्हिएन्नात होत नाही, शिकागोत होते. १८८९ मध्ये पॅरिसने आयफेल टॉवर उभारून जगाला तोंडात बोट घालायला लावलं होतं. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी शिकागोला त्यावर वरचढ असं काहीतरी हवं होतं. जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरने ते दिलं: सुमारे ८० मीटर उंचीचं पोलादी चाक, ३६ डबे, प्रत्येक डब्यात ६० माणसं. म्हणजे एका वेळी २१६० लोक हवेत! फेरिसचा मूळ धंदा पुलांच्या पोलादाची तपासणी करण्याचा, आणि चाकात तो अनुभव दिसतो.

हे चाक उभं कसं राहतं? सायकल आठवा. तिच्या चाकातल्या बारीक तारा वजन खालून पेलून धरत नाहीत. त्या सगळ्या आधीच ताणून बसवलेल्या असतात आणि चारी बाजूंनी खेचून रिमला गोल ठेवतात. सायकलवाला चाकाचा आउट काढतो तेव्हा हा ताणच सारखा करत असतो. दाब सोसायला जाडजूड खांब लागतो, ताण सोसायला तार पुरते. म्हणूनच एवढं मोठं चाक इतकं हलकं, जवळजवळ पारदर्शक दिसतं.

फेरिस मात्र कर्जात आणि कोर्टकचेऱ्यांत अडकला. १८९६ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी तो वारला. त्याचं चाक हलवून पुन्हा उभारलं गेलं, १९०४ मध्ये सेंट लुइसच्या प्रदर्शनातही फिरलं, आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडलं.

तोवर युरोपात वॉल्टर बॅसेट या इंग्रज माणसाने चाकांचा धडाकाच लावला होता. नौदलातून बाहेर पडलेल्या बॅसेटने लंडन, ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस अशा चार ठिकाणी चाकं उभारली. त्याच्या हाताखाली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा एक तरुण इंजिनिअर काम करत होता. या बूथनेच पुढे १९०१ मध्ये व्हॅक्यूम क्लीनर आणला. आपल्या पिढीला वाटतं की सारखी नोकरी बदलणं आपणच शोधून काढलं!

व्हिएन्नात प्राटर नावाचं मोठं हिरवं रान आहे. एके काळी ते राजघराण्याच्या शिकारीसाठी राखीव होतं. १७६६ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने ते सर्वांना खुलं केलं. तिथे गाबोर स्टायनर या नाट्यव्यवस्थापकाने १८९५ मध्ये 'व्हिएन्नातलं व्हेनिस' थाटलं, कालवे आणि होड्यांसकट. त्यालाच आणखी एक आकर्षण हवं होतं. सम्राट फ्रान्झ जोसेफच्या राज्यारोहणाला १८९८ मध्ये ५० वर्षं पूर्ण होणार होती. ते निमित्त साधून बॅसेटने १८९७ मध्ये चाक उभं केलं. उंची ६४.७५ मीटर. व्यास ६०.९६ मीटर, हा विचित्र आकडा म्हणजे बरोबर २०० फूट. इंग्रज इंजिनिअर, इंग्रजी माप! डबे होते ३०.

मग पहिलं महायुद्ध आलं. इंग्रजाचं चाक ऑस्ट्रियात म्हणजे शत्रूची मालमत्ता, त्यामुळे ते जप्त झालं. १९१६ मध्ये ते पाडायचा परवाना निघाला. कागद तयार होता, पण पाडकामाला पैसे नव्हते. चाक उभं राहिलं.

१९१९ मध्ये प्रागच्या एदुआर्द स्टायनर या व्यापाऱ्याने ते विकत घेतलं. (हा स्टायनर वेगळा, आडनाव तेवढं सारखं.) घेतलं तेही पाडून लोखंड विकण्यासाठीच. पण त्याने पाडलं नाही, चालवायला भाड्याने दिलं. दरम्यान लंडनचं चाक १९०७ मध्येच गेलं होतं. ब्लॅकपूलचं १९२८ मध्ये गेलं. पॅरिसचंही पाडलं गेलं. बॅसेटच्या चारपैकी हे एकच उरलं.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. स्टायनर ज्यू होता, म्हणून चाक त्याच्याकडून हिसकावून घेतलं. या चोरीला त्या राजवटीत 'आर्यीकरण' असं सरकारी नाव होतं. १९४४ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत त्याला मारण्यात आलं. ज्याच्यामुळे चाक वाचलं, त्याला कुणी वाचवलं नाही.

गाबोर स्टायनरही ज्यू. तो निसटून अमेरिकेत मुलाकडे पोचला आणि तिथेच वारला, तोही १९४४ मध्येच. त्याचा मुलगा मॅक्स स्टायनर म्हणजे 'किंग काँग' आणि 'गॉन विथ द विंड' या सिनेमांचा संगीतकार.

त्याच वर्षी चाकही जळलं. लाकडी डबे खाक झाले, पोलादी सांगाडा उरला. युद्धानंतर, भाकरीची भ्रांत असलेल्या शहराने चाक पुन्हा उभं केलं आणि १९४७ मध्ये ते फिरू लागलं. पण आगीत तापलेल्या सांगाड्यावर आधीइतका भार टाकायला इंजिनिअर धजले नाहीत. म्हणून ३० ऐवजी १५ च डबे लावले, एकाआड एक. आजही तेवढेच आहेत. १९५३ मध्ये चाक स्टायनरच्या वारसांना परत मिळालं.

१९४९ चा 'द थर्ड मॅन' पाहिला असेल, तर हे चाक ओळखीचं वाटेल. भेसळयुक्त पेनिसिलिन विकणारा हॅरी लाइम डब्यातून खाली बोट दाखवतो आणि विचारतो, त्यातला एखादा ठिपका हलायचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का? चाकाच्या मालकाची गोष्ट कळल्यावर मी तो प्रसंग पुन्हा पाहिला. माणसांना ठिपके समजणाऱ्यांनीच तर हे चाक बळकावलं होतं.

मी डब्यात बसलो तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. चाक चालत्या माणसापेक्षाही हळू फिरतं, तासाला जेमतेम २.७ किलोमीटर. इतरांसारखे मीही फोटो काढले. एका फोटोत शेजारचा डबा आलाय आणि आमच्या दोघांमध्ये मोठी मोकळी जागा. तेव्हा वाटलं, फोटो चांगला यावा म्हणूनच डबे असे लांब लांब ठेवले असतील.

तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. आता कुणाला दाखवला, तर आधी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवतो.