काळी माती आणि काडीचा आधार

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील तालुक्यांत, रस्ते बांधणाऱ्याची खरी गाठ काळ्या मातीशी पडते. बसाल्ट झिजून बनलेल्या या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरील खडीचा थर दरवर्षी हलत राहतो.

आगगाडीपूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई, आणि वाटेत पावसाने गाठले की भिजलेल्या ओझ्याने बैल चिखलात रुतत. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला, त्यामुळे बाजारापासून पुढची वाट सुकर झाली. शेतापासून बाजारापर्यंतची मात्र बैलगाडीच्याच नशिबी राहिली.

मातीला काडीचा आधार देण्याची विद्या या गावांना अपरिचित नव्हती. धाब्याच्या घरांच्या भिंतींसाठी पांढऱ्या मातीत भुसा किंवा गव्हांडा घालून गारा मुरवत आणि पायांनी तुडवत. वाळताना भेग पडू लागली की तिथला ताण काडी पेलते आणि भेग रुंदावत नाही. हीच युक्ती रस्त्याखाली का उतरली नाही, याचे उत्तर सरळ आहे: भिंत कोरडी राहते व वरचेवर लिंपली जाते, उलट रस्त्याखालच्या ओलीत काड लवकर कुजते. म्हणून बांधकाम खात्याचा भर मुरमावर राहिला, आणि ते शहाणपणाचेच होते.

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात १९२६ मध्ये रस्त्याच्या थरात जाड सुती कापड अंथरून पाहिले गेले. पुढे न कुजणारे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू आले. अशा आखूड तंतूंचे वजन बहुधा कोरड्या मातीच्या एक टक्क्याच्या आतच ठेवतात. माती घसरू लागली की घर्षणामुळे तंतू तिला धरून ठेवतात, तरी खनिजाची तहान त्यांनी भागत नाही. त्यासाठी चुनाच लागतो, आणि कडेची नाली तुंबलेली असेल तर दोन्हींचा उपयोग तोकडा पडतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात २०२० साली काथ्याच्या जाळीला मान्यता मिळाली आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ३२८ किलोमीटर आले. काथ्याही काही वर्षांत कुजतो, पण तोवर वाहतुकीच्या भाराने खालची माती दबून घट्ट झालेली असावी, असा त्यामागचा हिशेब आहे.